ओव्या कुठे जपायच्या? भरवशाच्या डिस्कच्या शोधाचा इतिहास

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा एक मुक्काम नातेपुत्याला असतो. फलटण, बरड मागे टाकून पालखी सोलापूर जिल्ह्यात येते आणि माळशिरस तालुक्यातल्या या गावी रात्रीपुरती थांबते. इथल्या एक प्राथमिक शिक्षिका आमच्या परिचयाच्या आहेत. त्यांनी वर्गातल्या मुलांना एक काम दिले होते. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगायचे आणि मोबाइलवर त्यांचे ध्वनिमुद्रण करायचे. दोन-तीन वर्षांत चाळीसेक तासांचे ध्वनिमुद्रण जमले. त्यात विठ्ठलाच्या ओव्या आहेत, माहेरच्या आहेत, भावाच्या आहेत, पाऊसपाण्याच्या आहेत.

मागच्या भेटीत बाईंनी आम्हाला विचारले, "सगळ्यांत भरवशाची हार्ड डिस्क कोणती? पैसे एकीपुरतेच आहेत, पण आवाज कायमचे राहिले पाहिजेत. ओव्या म्हणणाऱ्यांपैकी दोघी आता नाहीत."

एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळे होणे सोपे होते. पण 'भरवशाची' म्हणजे नेमके काय, हे आम्हालाच नीट सांगता येईना. म्हणून आवाज साठवण्याचा आणि हार्ड डिस्कचा इतिहास जरा चाळून पाहिला. त्यातून जे उत्तर हाती लागले, ते बाईंच्या प्रश्नाच्या चौकटीत बसणारे नव्हते.

जाते थांबले तेव्हा

ओवी शेकडो वर्षे कागदाशिवाय टिकली. पहाटे दळायला बसलेली आई म्हणे, शेजारी बसलेली लेक ऐके आणि सासरी जाऊन स्वतःच्या जात्यावर म्हणे. म्हणजे प्रत्येक घरात ओवीची एक प्रत होती. एक प्रत हरवली तरी दुसरी शिल्लक असे. मग गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जाते थांबले आणि त्याबरोबर ही प्रत काढण्याची रीतही थांबली.

हे वेळेवर ओळखले ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी. १९८७ च्या सुमारास त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार त्यांना येऊन मिळाले. ओव्यांची संगणकीय सूची तयार झाली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले.

हे १२० तास किती जागा घेतील, याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि ते आकडे लिहून ठेवतात. समजा, सेकंदाला ४८,००० वेळा मोजले, प्रत्येक आकड्याला २ बाइट दिले आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या घेतल्या. मग एका सेकंदाला ४८,००० × २ × २ = १,९२,००० बाइट लागतात. तासाला सुमारे ६९ कोटी आणि १२० तासांना सुमारे ८,३०० कोटी बाइट, म्हणजे ८३ गिगाबाइट. त्या काळी घरगुती संगणकाची डिस्क एक-दोन गिगाबाइटची असे. त्यामुळे एवढा आवाज डिस्कवर ठेवणे तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

पुढे काय झाले, ते महत्त्वाचे आहे. हा संग्रह एका कपाटात राहिला नाही. तो गुडगावच्या संगीतविषयक अभिलेखागारात ठेवला गेला. पुढे फ्रान्समधल्या एक्स-अँ-प्रोव्हान्सच्या ध्वनिसंग्रहात पोहोचला. २००४ मध्ये पॉइटवाँ गेले, २०१० मध्ये हेमाताई गेल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', म्हणजे 'पारी', या संकेतस्थळावर या ओव्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. माणसे गेली, यंत्रे बदलली, पण प्रती पुढे सरकत राहिल्या. म्हणून आवाज राहिले.

झिजणारे आणि एकदम जाणारे

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे तबकड्यांवर मुद्रित केले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या अशा लाखेच्या तबकड्या आजही वाजतात. त्या खरखरतात, अधेमधे सुई उडी मारते, पण त्या खरखरीच्या आड आवाज असतो. तबकडी झिजते ती हळूहळू, आणि झिजताना तसे सांगते.

१९६३ मध्ये कॅसेट आली. प्लॅस्टिकच्या फितीवर चुंबकीय चूर्ण एका चिकट द्रव्याने बसवलेले असते. काही प्रकारच्या फितींमधले हे द्रव्य हवेतली आर्द्रता शोषून चिकट होते. मग फीत यंत्राला चिकटते आणि चूर्ण खरवडून निघते. १९८७ मध्ये डॅट ही डिजिटल फीत आली, तेव्हा खरखरीचा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांना वाटले. पण २००५ मध्ये डॅटची यंत्रे बनवणे सोनी कंपनीने थांबवले. फीत चांगली आणि वाजवायला यंत्र नाही, अशी नवीच अडचण उभी राहिली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधले आहे. १०८६ मध्ये तिथल्या राजाने जमिनीची आणि मालमत्तेची एक मोठी नोंदवही करवून घेतली. ती 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने शाळांमधल्या मुलांच्या मदतीने नवी नोंदवही तयार केली आणि ती लेझरच्या तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचू शकणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना मोठी खटपट करावी लागली. चामड्यावर लिहिलेली मूळ वही मात्र आजही वाचता येते.

डिजिटल नोंदीचा हा स्वभाव ध्यानात ठेवायला हवा. ती असते तेव्हा तंतोतंत असते आणि जाते तेव्हा बहुधा एकदम जाते. खरखर करून आधी सूचना देत नाही.

एका शिक्षकाची डिस्क

हार्ड डिस्कच्या जन्मात एका शिक्षकाचा हात आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात माध्यमिक शाळेत शिकवत. उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा आपल्यासारखाच त्यांनाही असावा. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, हा गुण वापरून त्यांनी पेन्सिलीच्या खुणा ओळखून गुण देणारे यंत्र तयार केले. १९३४ मध्ये आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीवर घेतले. पुढे १९५२ मध्ये सॅन होजे इथली नवी प्रयोगशाळा त्यांच्याकडे सोपवली गेली. तिथेच त्यांच्या गटाने पहिली हार्ड डिस्क घडवली. ती १९५६ मध्ये बाजारात आली.

दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर ओवलेल्या आणि साऱ्या यंत्राचे वजन सुमारे एक टन. त्यात ५० लाख अक्षरे मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइट. मोबाइलवर एका वाहिनीने केलेल्या ध्वनिमुद्रणाला सेकंदाला ९६,००० बाइट लागतात असे धरले, तर त्या टनभर यंत्रात नातेपुत्याच्या ओव्यांची जेमतेम ३९ सेकंदे मावली असती!

तत्त्व मात्र आजही तेच आहे. चकचकीत तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा थर असतो. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावरून एक हेड तरंगत जाते. ते त्या थरावर सूक्ष्म चुंबकीय खुणा करते आणि वाचते. आजच्या डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. चालू डिस्कला धक्का बसला की हेड तबकडीवर आपटू शकते आणि तिथली नोंद खरवडली जाते. याशिवाय मोटर अडकते, इलेक्ट्रॉनिक पट्टी जळते, थरातला एखादा भाग खराब होतो. एवढ्या नाजूक यंत्राकडून 'कायमचे' मागणे हेच मुळात जास्तीचे आहे.

दहा लाख तासांचे कोडे

डिस्कच्या माहितीपत्रकात अनेकदा एक आकडा असतो : बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० लाख तास. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर हे ११४ वर्षे झाले. म्हणजे डिस्क शंभर वर्षे टिकणार का? अर्थातच नाही. कोणत्याही कंपनीने डिस्क शंभर वर्षे चालवून पाहिलेली नाही. समजा १,००० डिस्क १,००० तास चालवल्या आणि त्यांतली एक बिघडली, तर एकूण १० लाख तासांत एक बिघाड झाला, असा तो हिशेब आहे. त्यावरून एवढेच निघते की वर्षभरात शंभरातली सुमारे एक डिस्क, नेमके सांगायचे तर ०.८८ टक्के डिस्क, बिघडतील.

हा आकडा तरी खरा असतो का? २००७ मध्ये यावर दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे ही नेहमीची गोष्ट होती आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. महागड्या आणि स्वस्त प्रकारच्या डिस्कमध्ये बदलीच्या दराचा फारसा फरक दिसला नाही. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि धोक्याची सूचना देऊ शकते. पण बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार सूचनांपैकी एकही दिलेली नव्हती.

मग कंपनीचे नाव पाहून डिस्क निवडावी का? ज्या आयबीएमने हार्ड डिस्कला जन्म दिला, तिनेच २००० मध्ये ७५ जीएक्सपी हे घरगुती संगणकांसाठीचे मॉडेल काढले. त्या डिस्क इतक्या बंद पडू लागल्या की अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले. पुढे दोन-तीन वर्षांत आयबीएमने हा व्यवसायच हिताची कंपनीला विकून टाकला. एका कंपनीचे एक मॉडेल उत्तम निघते आणि दुसरे वाईट. कोणते कसे, हे काही वर्षांनी कळते, आणि तोवर ते मॉडेल दुकानातून गेलेले असते. म्हणून 'सगळ्यांत भरवशाची डिस्क' खरेदीच्या दिवशी कोणालाच ओळखता येत नाही.

दोन, तीन आणि सोबत एक अट

आता गणित उलट्या बाजूने करू या. समजा, वर्षभरात डिस्क बिघडण्याची शक्यता २ टक्के आहे, म्हणजे ५० त १. संग्रह एकाच डिस्कवर असेल तर तो गमावण्याची शक्यताही तेवढीच. दोन डिस्कवर एकेक प्रत ठेवली, तर दोन्ही एकाच वर्षात जाण्याची शक्यता ५० × ५०, म्हणजे २,५०० त १. तीन प्रती असतील तर १,२५,००० त १. बाजारातली सर्वोत्तम डिस्क शोधून जे मिळत नाही, ते साध्या डिस्कची दुसरी आणि तिसरी प्रत ठेवून मिळते.

हा विचार १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका प्रसिद्ध निबंधात मांडला. एका महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कचा संच वापरावा आणि त्यांतली एक गेली तरी मजकूर वाचावा, अशी ती योजना होती. ती 'रेड' या नावाने ओळखली जाते.

पण वरच्या गुणाकाराला एक अट आहे, आणि संभाव्यता शिकवताना आपण ती नेहमी सांगतो. दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो. एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकाच चोरीत जातात, एकाच गळक्या छपराखाली भिजतात. चुकून फाइल पुसली, तर 'रेड'मधल्या सगळ्या डिस्कवरून ती एकदम जाते. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक सोपा नियम रूढ केला : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

नवाचा ताळा

एक धोका उरतोच. प्रत आहे, डिस्क चालते आहे, पण आतल्या एखाद्या फाइलमधले काही आकडे बदलले असतील तर? चाळीस तास ऐकून कोण तपासणार?

जुने गुरुजी गुणाकार तपासायला नवाचा ताळा शिकवत. ४७२८ या संख्येतल्या अंकांची बेरीज २१, पुन्हा बेरीज ३. हा झाला तिचा ताळा. एखादा अंक चुकला की बहुतेक वेळा ताळा जुळत नाही. संगणकात हेच काम 'चेकसम' करतो. साऱ्या फाइलमधल्या आकड्यांवर ठरावीक क्रिया करून तो एक छोटी अक्षर-अंकांची ओळ काढतो. ती ओळ वहीत लिहून ठेवायची. वर्षाने पुन्हा काढायची. जुळली तर फाइल जशीच्या तशी आहे.

नवाच्या ताळ्यात एक उणीव आहे. ४७२८ चे ४७८२ झाले तरी ताळा ३ च येतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएचए-२५६ सारख्या पद्धतींत असे होत नाही. फाइलमधला एक अंक जरी इकडचा तिकडे झाला, तरी साऱ्या ओळीचा चेहरा बदलतो. असा ताळा काढणारी साधने फुकट मिळतात.

ताळा चुकला की काय करायचे? दुसऱ्या दोन प्रती पाहायच्या. त्यांचा ताळा जुळत असेल, तर त्यांतल्या एकीवरून बिघडलेली फाइल पुन्हा लिहायची. ही रीत आपल्याला अनोळखी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, सांगून झाली. पुढे तीनशे वर्षे तिच्या हाताने नकला होत राहिल्या आणि पाठांत चुका शिरल्या. एकनाथांनी जुन्या पोथ्या पडताळून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांच्यापुढे एकच पोथी असती, तर ती कितीही चांगल्या कागदावर लिहिलेली असली तरी पडताळायचे कशाशी?

मग नातेपुत्यात काय घ्यावे?

बाईंच्या ४० तासांना एका वाहिनीच्या हिशेबाने सुमारे १४ गिगाबाइट लागतात. आज दुकानात मिळणारी लहानात लहान हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून आम्ही सुचवले ते असे. मोठ्या क्षमतेच्या एका डिस्कसाठी ठेवलेल्या पैशांत लहान क्षमतेच्या दोन घ्याव्यात, त्याही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तिसरी प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी. एक डिस्क शाळेत आणि दुसरी अकलूज किंवा पुण्याला एखाद्या विश्वासू माणसाकडे असावी. शक्य झाले तर एखाद्या अभिलेखागारालाही प्रत द्यावी. कपाटात नुसते पडून राहण्यासाठी पेन ड्राइव्ह किंवा एसएसडीवर विसंबू नये. त्यांत नोंद विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार काळाने झिरपून जातो. हार्ड डिस्कही वर्षानुवर्षे बंद ठेवली तर तिचे फिरते भाग अडकू शकतात.

फाइली मूळ रूपातच ठेवाव्यात, जागा वाचवण्यासाठी पुन्हा दाबून लहान करू नयेत. प्रत्येक फाइलबरोबर ओवी म्हणणाऱ्या बाईंचे नाव, गाव, तारीख आणि त्यांची संमती लिहिलेली असावी. नाव नसलेला आवाज शाबूत राहिला तरी पोरका होतो. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क चालवून ताळा पाहावा आणि चार-पाच वर्षांनी, डिस्क चांगली असली तरी, नव्या डिस्कवर प्रत काढावी.

बाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पण दरवर्षी आठवणीने ताळा कोण पाहणार? माझी बदली झाली तर?"

खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यावर तोडगा बाईंनीच काढला. पालखी नातेपुत्याला येण्याच्या आदल्या आठवड्यात, वरच्या वर्गातल्या मुलांनी दोन्ही डिस्क काढायच्या, ताळा वहीशी ताडून पाहायचा, खाली सही करायची आणि वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची. पालखीची तारीख गावात कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

यंदा पहिला ताळा पाहिला गेला. सगळ्या ओळी जुळल्या. मग मुलांनी त्यांतली एक फाइल लावली आणि ती पुरी होईपर्यंत वर्गात कोणी बोलले नाही. ओवी म्हणणाऱ्या आजी त्या दोघींपैकी एक होत्या.

आपल्या शाळेत असे काही ध्वनिमुद्रण असेल, तर आजच पाहा : त्याच्या प्रती किती आहेत, आणि ते शेवटचे कधी उघडले होते?